रायपूरचे वाढपी

रायपूरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये कॉफीचा कप टेबलावर आणून ठेवणारा माणूस कुणा शेठजीचा नोकर नसतो. पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा आणि पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा असा त्याचा संस्थानी थाट असतो. पण हॉटेल ज्या सहकारी संस्थेचं आहे, ती संस्था या फेटेवाल्यांचीच आहे. गल्ल्यावरचा, भटारखान्यातला, टेबलं पुसणारा, सगळे तिथे कामगार आणि तिथेच भागधारक.

सहकार म्हटलं की मराठी माणसाला साखर कारखाना आठवतो किंवा दूध संघ. तिथे मालक असतो ऊस किंवा दूध घालणारा शेतकरी. कारखान्यात राबणारा कामगार पगारीच असतो. कॉफी हाऊसमध्ये राबणाराच मालक आहे, आणि हे एका संकटातून घडलं.

ब्रिटिश काळात देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी पुढाकारानं कॉफी हाऊसं उघडली गेली. पहिलं १९३६ साली मुंबईत, चर्चगेटला. पुढे ही साखळी कॉफी बोर्डाकडे आली. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर बोर्डानं हा तोट्याचा कारभार गुंडाळायचं ठरवलं आणि शेकडो कामगारांच्या नोकऱ्या जायची वेळ आली. त्यातले पुष्कळसे केरळचे. केरळचे कम्युनिस्ट नेते आणि खासदार ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, की नोकरीसाठी हात पसरण्यापेक्षा हॉटेलंच ताब्यात घ्या. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळुरूत कामगारांची पहिली सहकारी संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला दिल्लीत या नव्या व्यवस्थेतलं पहिलं कॉफी हाऊस उघडलं. मग ठिकठिकाणी अशा संस्था निघाल्या. त्यांतली एक जबलपूरची. रायपूर, भिलाई आणि छत्तीसगडमधल्या इतर गावांची कॉफी हाऊसं या जबलपूरच्या संस्थेची आहेत. वीज प्रकल्पांच्या वसाहतींत आणि औद्योगिक उपाहारगृहांतही तिचे फेटे दिसतात.

अशा ठिकाणी दराचं गणित वेगळं बसतं. वरच्या वर नफा काढून नेणारा कुणी नसल्यानं भाव आटोक्यात राहतात आणि शिल्लक उरली तर ती बोनसच्या रूपानं कामगारांत वाटली जाते. बढती आतूनच मिळते. टेबलं पुसण्यापासून सुरुवात केलेला माणूस कालांतरानं गल्ल्यावर बसू शकतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं मोठा फायदा असा, की एका कॉफीवर तासभर बसलं तरी कुणी ‘आणखी काही?’ म्हणून डोक्यावर येऊन उभं राहत नाही. विद्यार्थी, वकील, पत्रकार, निवृत्त मास्तर, सुट्टीच्या दिवशी डोसा खायला आलेलं कुटुंब अशी सगळी वर्दळ एकाच दालनात सामावते. नागपूरच्या सदरमधलं कॉफी हाऊस पाहिलेल्याला यात नवं काही वाटणार नाही. रायपूरची गंमत पुढे आहे. बाहेर जेवण्याच्या इतर प्रकारांतही या शहरात वाढणारा कोण आहे, हे पाहिलं की दरवेळी काहीतरी अनपेक्षित उत्तर मिळतं.

बाहेरून आलेली चव

रायपूर आणि नागपूर यांच्यात सुमारे तीनशे किलोमीटरचं अंतर आहे. जुनी ओळख मात्र त्याहून जवळची. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून गेला आणि छत्तीसगड मराठी अमलाखाली येऊ लागला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं तेव्हा हा मुलूखही त्यांच्याकडे गेला. नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होईपर्यंत रायपूरकर सरकारी कामासाठी नागपूरचीच गाडी धरत. त्या दिवसापासून राजधानी भोपाळ झाली, आणि बरोबर ४४ वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० ला, रायपूर स्वतःच राजधानी झालं.

शहरात मराठी घरं आहेत, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतात. पण शहराच्या हॉटेलांवर मराठी छाप शोधायला गेलं तर फारशी सापडत नाही. ती इतरांची आहे. १८८८ मध्ये रेल्वे रायपूरला पोचली आणि तिच्यामागे व्यापारी व नोकरदार आले. मारवाडी आणि गुजराती पेढ्यांबरोबर मिठाई, कचोरी, शुद्ध शाकाहारी भोजनालयं आली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येनं स्थायिक झाली आणि सकाळच्या नाश्त्यात दाल-पकवान शिरलं. मुंबई-कोलकाता महामार्ग शहरातून जातो. ग्रेट ईस्टर्न रोड या त्याच्या जुन्या नावाचा जीई रोड झाला आणि आजही सगळे तेच म्हणतात. मालवाहतुकीच्या धंद्यात शीख मंडळी होती, ट्रक होते, म्हणून ढाबे झाले. शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून तंत्रज्ञ आले. मल्याळी, तेलुगू, बंगाली, ओडिया अशा सगळ्या जिभा एका पट्ट्यात गोळा झाल्या. इडली-डोसा इथे परका राहिला नाही.

रस्त्यावरचं खाणं तेवढं मिसळून गेलं. संध्याकाळी गाड्यांवर गुपचुप मिळतं, ज्याला मुंबईत पाणीपुरी म्हणतात. बटाटेवड्याचा भाऊ शोभेल असा आलू गुंडा मिळतो, मुगाच्या डाळीची मुंगोडी मिळते. तेलीबांधा तलावाच्या काठी, ज्याला शहरानं कौतुकानं मरीन ड्राईव्ह करून टाकलंय, रात्री उशिरापर्यंत या सगळ्याची जत्रा असते.

या यादीत छत्तीसगडी जेवण मात्र नव्हतं. लाखो घरांत रोज शिजणारं अन्न हॉटेलात मागायची सोयच नव्हती, कारण ते कुणी मागतच नसे. बाहेर जेवायचं ते घरी मिळत नाही ते खायला, हा सगळीकडचाच शिरस्ता. त्यात छत्तीसगडी अन्नाला शेताच्या बांधाचा वास होता. धानकापणीला जाणाऱ्याची न्याहारी, मजुराच्या डब्यातला भात. ज्याच्या खिशात हॉटेलचे पैसे आले, त्याला नेमकं यापासूनच दूर जायचं होतं. मुंबईत तरी वेगळं काय झालं? ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्याला उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं आणि गिरणगावापासून दादरपर्यंतच्या मराठी माणसाचं बाहेरचं खाणं हळूहळू उडुप्यांच्या हाती गेलं. झुणका-भाकर पाटी लावून विकायला पुढे सरकारी योजनाच यावी लागली. रायपुरातही तसंच घडलं.

संग्रहालयाच्या अंगणातलं जेवण

सिव्हिल लाइन्स भागात महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. नांदगावच्या महंत घासीदासांनी १८७५ मध्ये ते उभारलं, तेव्हाची अष्टकोनी इमारत अजून शहरात आहे. आत्ताच्या वास्तूचं उद्घाटन १९५३ मध्ये राजेंद्र प्रसाद यांनी केलं. आत सिरपूरला सापडलेल्या अप्रतिम बौद्ध ब्राँझमूर्ती आहेत. पण रायपूरचा रिक्षावाला ‘संग्रहालय’ म्हटल्यावर एकदा नीट विचारून घेतो, ‘गढ कलेवा’ म्हटल्यावर मात्र न विचारता गाडी वळवतो.

कलेवा म्हणजे न्याहारी. राज्याच्या संस्कृती विभागानं २६ जानेवारी २०१६ रोजी संग्रहालयाच्या आवारात हे उपाहारगृह सुरू केलं आणि चालवायला दिलं ते बायकांच्या बचत गटाला. खेड्यातल्या घरासारखी मांडणी, भिंतींवर लोकचित्रं, झाडाखालची बैठक. मेन्यूत फक्त छत्तीसगडी पदार्थ. इथे डोसा नाही, पनीर नाही, चाऊमीन नाही.

या मेन्यूवरचा जवळजवळ प्रत्येक पदार्थ भातापासून निघतो, आणि तो कसा निघतो हे पाहण्यासारखं आहे. चौसेला घ्या. ही तांदळाच्या पिठाची पुरी. तांदळात ग्लुटेन नसल्यानं थंड पाण्यात मळलेलं पीठ लाटताना फाटतं. म्हणून पाणी उकळतं घ्यायचं. उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गोळा एकसंध होतो. उकडीच्या मोदकाची पारी करणाऱ्या हाताला हे शास्त्र आपसूक कळतं. फरक इतकाच, की इथे गोळ्याची पुरी लाटून तेलात सोडतात. ती फुगते, पण गव्हाच्या पुरीइतकी तेल पीत नाही. सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी.

फरा याहून गमतीचा. त्यात तांदळाचं पीठ असतंच, शिवाय शिजलेला भातही मळून घालतात. हातावर तेल लावून तळव्यांमध्ये करंगळीएवढ्या वळकट्या वळायच्या, वाफवायच्या आणि मग तीळ, मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्त्याच्या फोडणीत परतायच्या. बाहेरून किंचित खरपूस, आतून लुसलुशीत. कालचा भात उरला तर त्याचं काय करायचं, या प्रश्नाचं फोडणीच्या भाताइतकंच सोपं आणि त्याहून देखणं उत्तर.

चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं. कोकणी घावनाचा हा दूरचा नातेवाईक. अंगाकर ही तांदळाच्या पिठाची जाड भाकरी. ती पळसाच्या पानांत धरून निखाऱ्यावर भाजतात. विदर्भात पानगे खाल्लेल्या माणसाला त्या जळक्या पानाचा वास लगेच ओळखीचा वाटतो. बफौरीत हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटतात, कांदा-मिरची घालतात आणि तळण्याऐवजी वाफवतात. ईडहर हा प्रकार अळूच्या पानांना उडदाच्या डाळीचं वाटण लावून, उकडून, कापून दह्याच्या कढीत सोडतात. आपल्या अळूवडीनं बेसन सोडून उडीद धरला आणि ताकात उडी मारली, तर जे होईल ते.

गोडाकडे वळलं तर अइरसा आहे. भिजवलेल्या तांदळाचं पीठ, गुळाचा पाक आणि तळण. अनारशाचं कूळ तेच, फक्त खसखशीचा साज नाही. देहरोरीसाठी जाडसर दळलेले तांदूळ दह्यात भिजवून रात्रभर ठेवतात, ते आंबले की गोल थापून तुपात तळतात आणि पाकात बुडवतात. शिवाय ठेठरी आणि खुरमी ही जोडी: पहिली बेसनाची, खारी, वळून तळलेली, दुसरी गव्हाची, गुळाची, टिकाऊ. पोळा आणि तिजेच्या सणाला ही जोडी घरोघरी होते आणि सणानंतर माहेरवाशिणीच्या पिशवीतून गावोगाव जाते.

इथे एक व्यवसायाची बाजूही आहे. हे पदार्थ घरात बायकाच करत आल्या, आणि घरात त्यासाठी कुणी पैसे मोजत नव्हतं. पुरुष आचाऱ्यांच्या हॉटेलांत तर ते शिरलेच नाहीत. फराच्या वळकट्या एकसारख्या वळायचा सराव तिथे कुणाला होता? म्हणून जेव्हा विकायची वेळ आली तेव्हा ज्यांच्या हातात ही कला होती, त्यांच्याच हातात गल्ला आला. कल्पना चालली. पुढे राज्य सरकारनं अशीच उपाहारगृहं जिल्ह्याजिल्ह्यांत काढायचं ठरवलं आणि तीही बचत गटांकडे सोपवली.

तांदूळच मुख्य असल्यानं कोणता तांदूळ, हा प्रश्न छत्तीसगडात किरकोळ नाही. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात या प्रदेशातून भाताच्या हजारो वाणांचे नमुने गोळा केले होते. त्यातून वाढलेला तेवीस हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जपलेला आहे. सरगुजाच्या जीराफूलला २०१९ मध्ये आणि धमतरी भागातल्या नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी शहरातल्या बहुतेक रेस्तराँमध्ये जिरा राइस मागितला की उत्तरेकडचा बासमतीच समोर येतो.

मुख्यमंत्र्यांची बासी

मे २०२२ मध्ये रायपूरच्या वर्तमानपत्रांत एक वेगळंच छायाचित्र झळकलं. १ मे, कामगार दिन. तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी त्या दिवशी सगळ्यांनी बोरे बासी खावी असं आवाहन केलं होतं, आणि मंत्री, आमदार, कलेक्टर, पोलीस अधिकारी ताटं पुढे घेऊन बसले होते.

शिजलेला भात गार करून पाण्यात भिजवला आणि लगेच खाल्ला तर तो बोरे. रात्रभर पाण्यात राहू दिला तर सकाळी होते ती बासी. रात्रीत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात कामाला लागतात आणि पाण्याला हलकी आंबूस चव येते. सोबत कांदा, हिरवी मिरची, मीठ, एखादी पालेभाजी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो तेव्हा शेतात जाणाऱ्याला पोटभर पाणी आणि पोटभर भात एकाच वाडग्यात मिळतो. ओडिशात हाच पखाळ, बंगालात पांता भात, आसामात पोइता भात. ओडिशात तर २० मार्चला पखाळ दिवसच साजरा होतो.

त्या कार्यक्रमात राजकारण होतं हे उघड आहे. छत्तीसगडी अस्मिता हा त्या सरकारचा मोठा मुद्दा होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता बदलल्यावर सरकारी बासीचा जोर ओसरला. पण ज्या अन्नाची पाहुण्यांसमोर लाज वाटायची, ते अधिकाऱ्यांच्या ताटात दिसल्याचा परिणाम हॉटेलांवर झाला. उन्हाळ्यात बासीची थाळी पाटीवर लिहायला आता कुणी कचरत नाही.

बोलल्याशिवाय ऑर्डर

आवाज हा हॉटेलचा स्थायिभाव. ‘दोन कटिंग, एक मस्का’ अशी आरोळी भटारखान्यात पोचली नाही तर धंदा कसा चालायचा? रायपूरच्या नुक्कड टी कॅफेनं हाच नियम मोडला. प्रियांक पटेल या अभियंत्यानं नोकरी सोडून, काही काळ ग्रामीण भागात काम करून, २०१३ मध्ये हा कॅफे सुरू केला. इथे चहा आणून देणारे अनेक जण ऐकू शकत नाहीत आणि बोलू शकत नाहीत. गिऱ्हाईक हवं ते कागदावर लिहितं किंवा खुणेनं सांगतं. पुढे तृतीयपंथी आणि कमी उंचीच्या व्यक्तींनाही इथे काम मिळालं.

सुरुवातीला शहराला हे दयेचं दुकान वाटलं असतं तर नवल नव्हतं. पण दयेपोटी माणूस एकदाच येतो. दुसऱ्यांदा येतो तो चहासाठी. कॅफेला शाखा काढाव्या लागल्या. याचं एक कारण कामाच्या स्वरूपात आहे. ऐकू न येणाऱ्या माणसाला हॉटेलात अडचण येते ती ऑर्डर घेताना; ती लिखित झाली की उरलेलं सगळं काम डोळ्यांचं आणि हातांचं. कुठल्या टेबलावरचा कप रिकामा झाला, कोण बिलासाठी इकडेतिकडे पाहतंय, हे त्याला उलट लवकर दिसतं. शिवाय लिहिलेली ऑर्डर चुकत नाही. फोन गल्ल्यावर जमा करणाऱ्याला बिलात सवलत देण्याची कल्पनाही इथे राबवली गेली, कारण समोरच्याशी खुणांनी बोलायचं तर आधी मान वर करावी लागते.

बाटली सरकारची

आता बार. विमानतळाकडे जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर हॉटेलं, क्लब आणि बार यांची रांग आहे. मॉलमध्ये, तारांकित हॉटेलांत, जुन्या बाजारपेठेतही बार आहेत. सजावट मुंबई-पुण्यासारखीच. पण टेबलावरच्या बाटलीचा प्रवास निराळा.

छत्तीसगडमध्ये १ एप्रिल २०१७ पासून दारूची किरकोळ दुकानं खासगी ठेकेदारांकडून काढून घेण्यात आली. छत्तीसगड स्टेट मार्केटिंग कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी ती चालवू लागली. म्हणजे दुकानात बाटली पुढे करणारा माणूस सरकारी व्यवस्थेचा. बारचे परवाने खासगी राहिले. सरकारी मक्तेदारीत हमखास येणारी तक्रार इथेही आली: हवा तो ब्रँड मिळत नाही. त्यावर आबकारी विभागानं २०२४ मध्ये ‘मनपसंद’ नावाचं ॲप काढलं. कोणत्या दुकानात काय आहे आणि किती रुपयांना, हे ते सांगतं. मक्तेदारीनं गैरव्यवहार थांबले असंही नाही. २०१९ ते २०२२ या काळातल्या कथित मद्य घोटाळ्याचा तपास ईडी करत आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे.

मराठी वाचकाला यात एक जुना धागा दिसेल. छत्तीसगडचा आबकारी कायदा १९१५ चा, म्हणजे मध्य प्रांताचा. तोच एके काळी नागपूर-भंडाऱ्यालाही लागू होता. महाराष्ट्रात पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची चौकट आली. त्या चौकटीत मूळ नियम बंदीचा आणि पिणं हा परवान्यानं मिळणारा अपवाद, म्हणून आपल्याकडे बारला ‘परमिट रूम’ म्हणतात. रायपुरात अशी पाटी दिसत नाही. तिथे दारू पिण्याचं किमान वय २१. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि त्या जिल्ह्याची लांबलचक हद्द छत्तीसगडला लागून आहे. सीमेवरच्या तपासणी नाक्यांना त्यामुळे कामाची उणीव नसते.

रायपूरला कामानिमित्त येणाऱ्यानं एक तारीख लक्षात ठेवलेली बरी. १८ डिसेंबर ही सतनाम पंथाच्या गुरू घासीदासांची जयंती. संग्रहालयाच्या नावातले महंत घासीदास वेगळे. गुरू घासीदासांनी व्यसनांपासून दूर राहायला शिकवलं, म्हणून त्या दिवशी राज्यभर ड्राय डे असतो.

बारच्या कार्डावर न दिसणारी दारू म्हणजे मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळट, रसाळ फुलांचा सडा पडतो, तो गोळा करून वाळवतात, आंबवतात आणि गाळतात. आदिवासींना घरच्या वापरासाठी ती काढायची मुभा कायद्यानंच आहे, विकायची नाही. शेजारच्या मध्य प्रदेशनं अलीकडे ‘हेरिटेज मद्य’ म्हणून मोहाच्या दारूला बाटली आणि लेबल दिलं. जंगलात मोह मुबलक असलेल्या राज्याच्या राजधानीत मात्र बारमध्ये स्कॉच सहज मिळते, मोह नाही. गढ कलेवात मोहाच्या फुलांचा लाडू मिळतो, तेवढ्यावर भागवायचं.

बिलाच्या तळाशी

बारमधलं बिल दोन तुकड्यांत येतं, तेही कारणानं. माणसाच्या पिण्यासाठीचं मद्य घटनेनंच जीएसटीच्या बाहेर ठेवलं आहे, म्हणून पेल्यावर राज्याचा कर आणि ताटावर जीएसटी. ताटावरचा दर १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या आणि वातानुकूलित रेस्तराँना सारखाच, ५ टक्के आहे. साडेसात हजारांवर खोलीभाडं असलेल्या हॉटेलातल्या रेस्तराँमध्ये तो १८ टक्के होतो.

त्याखाली कधी कधी आणखी एक ओळ असते: सेवा शुल्क. हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलं, की ते बिलात आपोआप जोडता येणार नाही. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. कुणी अडून बसलंच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढप्याला खूश होऊन काही द्यायचं असेल तर ते त्याच्या हातात द्यावं. बिलातल्या शुल्कातलं त्याच्यापर्यंत किती पोचतं ते मालक ठरवतो.

आणि ताट आता टेबलावर येतंच असं नाही. समता कॉलनीतल्या किंवा शंकरनगरातल्या फ्लॅटच्या दारात ते मोटारसायकलवरून येतं. कॉफी हाऊसचा फेटेवाला संस्थेचा सभासद, गढ कलेवातली बाई गटाची सदस्य, नुक्कडमधला मुलगा पगारी कर्मचारी. दारात उभा असलेला हा वाढपी यांपैकी काहीच नाही. कंपन्यांच्या भाषेत तो ‘पार्टनर’ असतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पावसात घसरला तर हाडही त्याचंच.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं अशा कामगारांची पहिल्यांदा कायद्यात दखल घेतली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला ती लागू झाली. तिच्यानुसार ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. मात्र ही रक्कम कंपनी या कामगारांना जे पैसे देते त्याच्या ५ टक्क्यांच्या पुढे जाणार नाही. लाभ मिळवायचा तर कामगाराची ई-श्रम पोर्टलवर आधारशी जोडलेली नोंद असावी लागते, आणि ती करून घ्यायला एका संध्याकाळच्या ऑर्डरींवर पाणी सोडावं लागलं तरी तो सौदा त्याच्या फायद्याचा आहे.